नागोजीअण्णांचं कडू

आधी कृती सांगून टाकतो. माणूस मागनं येईलच, कारण त्या कृतीत तोच भरलेला आहे.

एक इडलिंबू घ्यायचं. त्याची साल काढायची, पण खालचा पांढरा भाग अजिबात येऊ द्यायचा नाही, नुसती वरची पापुद्र्यासारखी साल. ती साखरेच्या कोमट पाकात घालून एक दिवस झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पाक गाळायचा. मग लिंबाच्या रसात क्विनीनची पूड, करंगळीच्या नखावर मावेल तेवढीच. साध्या पाण्यात ती नीट विरघळत नाही, आंबटात विरघळते. हा रस पाकात ओतायचा आणि चव बघायची ती इथंच. त्यानंतर जिन. उभा ग्लास, बर्फाचे मोठे खडे, वरनं सोडा, आणि शेवटी सालीचा एक तुकडा ग्लासावर धरून मुरडायचा, म्हणजे त्याचं तेल उडून वर तरंगतं. झालं! पहिला घोट गोड, मग आंबट, मग कडू, आणि कडू सरलं की घसा एकदम गार. मे महिन्यात हुबळीत दुपारी चारला भिंतीला हात लावला तर चटका बसतो, अशा वेळी साहेब लोक या ग्लासासाठी घड्याळाकडं बघत बसायचे.

साहेब त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव सांगायचे. आम्ही त्यांच्या क्लबातले नोकर-कारकून नुसतं 'कडू' म्हणायचो. नागोजीअण्णांचं कडू.

अण्णा म्हणजे क्लबाचे बटलर. मी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिथं टायपिस्ट म्हणून लागलो. त्याआधी वीस वर्षं अण्णा बारच्या त्या एकाच फळीमागं उभे होते. उंच, थोडे वाकलेले, पांढरा कोट, पितळी बटणं, डोक्याला पटका, आणि पाय अनवाणी. ग्लास पुसला की तो खिडकीसमोर धरून त्यातनं बाहेर बघायचे. मी एकदा विचारलं, "काय दिसतंय हो अण्णा?" तर म्हणाले, "काय बी न्हाई दिसलं म्हंजे ग्लास सवच्छ."

मला ते 'टकटक' म्हणायचे. माझ्या मशीनवरनं. "ओ टकटक, सावकाश की हो! कागद काय पळून चाललाय व्हय?" मी टायपिंग करतो तसंच बोलतो, भराभर, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी बोलायला लागलो की ते हातातलं फडकं खाली ठेवायचे आणि मी संपेपर्यंत थांबायचे. संपलं की म्हणायचे, "आता मूळ गोष्ट काय ती सांगा."

आणि गंमत काय सांगू, या माणसानं जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता! चव बघायची ती जिन घालायच्या आधी. त्यानंतर जिन किती घालायची ते नाकानं. "नाकानं कसं काय कळतं?" म्हटलं तर म्हणाले, "नाकानं निम्मं. निम्मं साहेबाच्या तोंडाकडं बघून."

ते खरंच तोंडं बघायचे. एकदा एक नवा कप्तान आला, लालबुंद, नुकताच बोटीतनं उतरलेला. एक घोट घेतला आणि ग्लास आपटला. "टू बिटर!" अण्णा "येस्सर" म्हणाले, ग्लास घेऊन आत आले, तोच ग्लास बर्फात दाबून ठेवला आणि शंभरपर्यंत आकडे मोजले, कानडीत. मग तोच ग्लास नेऊन दिला. कप्तान प्यायला आणि म्हणाला, "मच बेटर." मी दाराआडनं बघत होतो, मला हसू आवरेना. अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "त्याला ऊन लागलं होतं. कडू वाईट नसतंय हो टकटक. कडूला लपवायला जाऊ नये, त्याला सोबत द्यावी. गोडाची द्या, आंबटाची द्या, गाराची द्या. एकटं कडू माणसाला गिळवत न्हाई."

हे ते नेहमी म्हणायचे. सोबत द्यावी.

त्यांना स्वतःला सोबत फार नव्हती. केशवापूरला दोन खोल्या. बायको लवकर गेलेली आणि एकच मुलगी, शेवंती. शेजारपाजारचे लोक तसे बरे, पण अण्णांना हळदीचं-लग्नाचं बोलावणं आलं तरी पंगतीत वाढायला कुणी सांगायचं नाही. त्यांच्या हाताला वास येतो म्हणे. वास यायचा, पण तो इडलिंबाचा! कोपऱ्यावरचा किराणावाला तर रोज ठरल्यासारखा, "काय नागोजी, आज साहेबाला किती पाजलीस?" अण्णा पिशवी पुढं करत म्हणायचे, "साहेबाला पाजली म्हणून बरं. तुला पाजली असती तर तू मापात खरं बोलला असतास." दुकानातली माणसं हसायची, किराणावालाही हसायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ते घर हिरवं वाटलं. सगळीकडं बाटल्या! क्लबात रिवाज होता की रिकाम्या बाटल्या बटलरच्या. जिनच्या त्या चौकोनी हिरव्या बाटल्या, जाड काचेच्या, घट्ट बुचाच्या. एकीत रॉकेल, एकीत गोडं तेल, एकीत काकवी. देवापुढं एक होती, तिच्यात पाणी आणि पाण्यात तुळस. शेवंतीनं लहानपणी या बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून चमच्यानं वाजवायचं वेड घेतलं होतं म्हणे, सगळी आळी कावायची. हे सांगताना अण्णांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

शेवंतीचं लग्न जमायला तीन वर्षं गेली. बटलरची मुलगी म्हटलं की माणसं चहा पिऊन निघून जायची. शेवटी अळणावरजवळच्या एका खेड्यात जमलं. शेतकरी घर, गळ्यात माळ, कांदासुद्धा विचार करून खाणारी माणसं. व्याही रामाप्पा यांनी एकच अट घातली: क्लबातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. अण्णांनी मान्य केलं. मुलीकडं जाताना ते आधी गावाबाहेरच्या विहिरीवर अंघोळ करायचे, धोतर बदलायचे, मगच आत जायचे. जेवायचे बाहेर ओसरीवर. मला राग यायचा. "अहो अण्णा, तुम्ही कधी प्यालात तरी का?" "न्हाई. पण त्यास्नी काय म्हाईत? आणि म्हाईत करून घ्यायची त्यास्नी काय गरज? मुलगी सुखात हाय. साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. अण्णांचं बोलणं संपलं की ते साकु म्हणायचे.

आता मूळ गोष्ट.

लढाईत विलायतेहून येणारं तयार कडू सामान बंद झालं. तेव्हा क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबानं कुठनं तरी क्विनीनचा एक डबा पैदा केला आणि अण्णांना दिला. मेंबरांना हिवतापही होणार नाही आणि ग्लासही चुकणार नाही. डबा अण्णांच्या कपाटात आणि किल्ली अण्णांच्या करगोट्याला. आणि त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं? दवाखान्यांत क्विनीन नाही. औषधाच्या दुकानात नाही. अळणावरकडं जंगलपट्टी, तिथं उन्हाळ्यातच ताप सुरू होतो, आणि घरंच्या घरं घोंगड्या पांघरून कुडकुडत पडलेली.

एप्रिलमधे शेवंतीचा नवरा क्लबाच्या मागच्या दाराशी आला. साधा मुलगा, पायाला धूळ, मान खाली. म्हणाला, "मामा, तिला एक दिवसाआड थंडी भरून येतीया. पाचवा महिना हाय. एकदा दवाखान्यात पूड मिळाली, ती तिनं ओकून टाकली. आता पूड बी न्हाई."

अण्णांनी त्याला पाणी दिलं, भाकरी दिली आणि परत पाठवलं. मग कोटाची बटणं लावली आणि सेक्रेटरीसाहेबासमोर जाऊन उभे राहिले. मी तिथंच शेजारच्या टेबलावर टाइप करत होतो. अण्णांना इंग्रजी शब्द चाळीसएक यायचे, त्यातले सगळे वापरले असतील. माय डॉटर, फीवर, बेबी, लिटल क्विनीन. साहेबाच्या हातात ग्लास होता. कडूच होतं त्यात. तो वाईट नव्हता हो बोलायला. म्हणाला, फार वाईट वाटतं नागोजी, पण डबा मेंबरांचा आहे, एकाला दिलं तर सगळे नोकर मागतील. अण्णा "येस्सर" म्हणाले.

वीस वर्षांत या माणसानं, रिकाम्या बाटल्या सोडल्या तर, क्लबातनं काडेपेटीची काडीसुद्धा घरी नेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते दाजीबानपेठेच्या बाजारातनं काडेचिराइताची जुडी घेऊन आले. आपल्याकडं तापाला देतात ते, वाळकं, जिभेला लावलं तरी अंगावर शहारा येतो. तीन दिवस ते भटारखान्यात ते उकळत, गाळत बसले होते. मला बोलावलं. दोन वाट्या पुढं केल्या. "बघा. जिन न्हाई, भिऊ नका." मी दोन्ही चाखल्या. मला तर दोन्ही नुसत्या कडू! "काय फरक वाटला?" "काहीच नाही." "वाटायला पायजे. क्विनीनचं कडू पटकन येतंय, पटकन जातंय. हे मागं जिभेच्या मुळाशी बसून ऱ्हातंय." मग त्यांनी त्यात साल जास्त मुरवली, थोडं मीठ घातलं, पुन्हा चाखलं. डोळे मिटून. चौथ्या दिवशी साहेबांच्या ग्लासात काडेचिराईत गेलं.

मी माझ्या खोलीत दार लोटून बसलो होतो. आणि बाहेर काय झालं सांगू? तो लाल कप्तान ओरडला, "नागोजी, यंदाचं कडू आजवरचं सगळ्यात उत्तम!" आणि दुसरा ग्लास मागितला.

अण्णा आत आले. मी आनंदानं म्हटलं, "जिंकलात की हो!" ते म्हणाले, "चोरी केली टकटक. जिंकलो काय."

जे क्विनीन साहेबांच्या ग्लासात जायचं ते आता कागदाच्या पुडीत साठत गेलं. पण पूड पाठवून उपयोग नव्हता, शेवंती ओकली असती. तेव्हा अण्णांनी तिच्यासाठी कडू केलं. अगदी तेच, साहेबांचं. तसाच पाक, तसंच इडलिंबू, तसाच लिंबाचा रस, क्विनीन मात्र औषधाच्या मापानं, दवाखान्यातल्या एका ओळखीच्या कंपाउंडरला विचारून. फक्त जिन नाही. मी चाखलं. सांगतो तुम्हाला, इतकं कडू आणि इतकं चांगलं मी काही प्यालेलो नाही. कुठल्याही आजाऱ्याच्या पोटात ते टिकलं असतं.

ते त्यांनी घरच्या एका बाटलीत भरलं. वरचा कागद केव्हाच धुऊन गेलेला. बूच घट्ट बसवलं, सुतळीनं बांधलं. मी समोर बसलो होतो. मला काही वाटलं नाही. त्यांनाही नाही.

अण्णांना रजा मिळेना, त्या आठवड्यात क्लबात बाहेरगावचे पाहुणे होते. मी म्हटलं, "मी जातो की!" मलाच हौस. रविवारी सकाळच्या गाडीनं अळणावर, तिथनं दोन मैल चालत. बाटली मांडीवर धरून गेलो, गाडीच्या धक्क्यानं फुटेल म्हणून.

रामाप्पा अंगणात दोरी वळत होते. मोठा माणूस, कपाळाला बुक्का. मला बसायला घोंगडी दिली, गूळपाणी दिलं. आतनं कण्हल्याचा आवाज येत होता. मी बाटली पुढं केली आणि सुरू झालो. तुम्हाला माहीतच आहे मी कसा बोलतो. परतीची गाडी गाठायची होती, त्यात अण्णांचं कौतुक करायची संधी. चमच्याचं माप सांगितलं, दिवसातनं तीनदा सांगितलं. आणि मग त्यांना विश्वास वाटावा म्हणून, केवळ विश्वास वाटावा म्हणून मी म्हणालो:

"अप्पा, अजिबात काळजी करू नका, अण्णांनी क्लबात स्वतः केलंय. साहेब लोक रोज संध्याकाळी पितात ना, तेच आहे हे!"

रामाप्पांनी बाटलीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग बाटली गळ्याशी दोन बोटांत धरून पायरीवर ठेवली. "बरं," म्हणाले. "गाडीची वेळ होत आली तुमची."

मी पळत स्टेशन गाठलं. गाडीत मला इतकं छान वाटत होतं!

तीन आठवड्यांनी शेवंतीचा नवरा आला. डोकं भादरलेलं. मागच्या दारातच बसून राहिला. अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसले. मग अण्णांनी विचारलं, "कवा?"

"गेल्या मंगळवारी. पोटातलं बी गेलं."

"किती घेतलं हुतं तिनं? औषध?"

"कसलं औषध?"

"बाटलीतलं."

मुलानं मान वर केली. त्याला खरंच कळत नव्हतं. "ती दारू? ती अप्पांनी तवाच उकिरड्यावर ओतली की मामा. म्हणाले, पोटुशी पोरीला जिन पाठवतोय, बाप हाय का कोण हाय." मग त्यानं धोतराच्या सोग्याखालनं ती हिरवी बाटली काढून खाली ठेवली. रिकामी. धुतलेली. "अप्पांनी सांगितलं, परत देऊन ये."

मी तिथं उभा होतो. मी सांगितलं. काय बोललो होतो ते शब्दन् शब्द सांगितलं, त्या मुलासमोरच. त्या दिवशी मी सावकाश बोललो.

अण्णांनी बाटली उचलली. काचेवर उमटलेल्या इंग्रजी अक्षरांवरनं अंगठा फिरवला. "तुमचं बोलणं ऐकून त्यानं ओतली आसंल," ते म्हणाले. "पण बाटली मी भरली. वीस वरसं झाली हो, मला ती जिनची दिसतच न्हाई. लोटा दिसावा तशी दिसती." मग म्हणाले, "साकु." आणि उठले, कारण पाच वाजत आले होते. त्या संध्याकाळी त्यांनी अकरा ग्लास केले. मी मोजले, दुसरं काय करणार होतो. एकही कमीजास्त झाला नाही.

पंधरा दिवसांनी त्यांनी उरलेली पुडी सेक्रेटरीसाहेबाच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेब आधी चोरीवर बोलला, पण सवयीनं बोलावं तसं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण आणि आपले पाहुणे सगळा उन्हाळाभर बाजारातलं कसलंतरी देशी गवत पीत होतो. तेव्हा मात्र तो खुर्चीतनं उठला. अण्णांना काढून टाकल्याचा कागद मीच टाइप केला. तीन वेळा चुकला. त्यांनी कोट घडी करून फळीवर ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सावकाश करा. माझी काय गाडी न्हाई."

केशवापूरची खोली त्यांनी सोडली. कुठं गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. किराणावालासुद्धा मला विचारायचा.

पुढच्या मे महिन्यात मी गाडी बदलायला अळणावरला उतरलो. बाजाराचा दिवस होता. ऊन रखरखीत. स्टेशनाबाहेर चिंचेखाली गर्दी दिसली, म्हणजे गर्दी अशी, की माणसं लांब गोल करून उभी आणि मधे जायला कुणीच तयार नाही. मधे अण्णा. अंगात नुसती बंडी. पुढ्यात तोंड मोठं असलेलं पातेलं, उघडं, आतलं सगळ्यांना दिसेल असं, आणि एक पळी. दवाखान्यात सरकारी क्विनीन यायला लागलं होतं, पण लोक पूड ओकून टाकायचे, म्हणून डॉक्टरनं या म्हाताऱ्याला बसवलंय, असं शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं. "पण घेतंय कोण त्याच्या हातचं? हुबळीचा दारूवाला हाय तो." अण्णा काही बोलत नव्हते, कुणाला बोलावत नव्हते. मधनंच एक पळी स्वतःच्या तळहातावर घेऊन पीत होते, सगळ्यांदेखत, आणि पुन्हा बसत होते.

मी पुढं होणार, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. भर उन्हात घोंगडी पांघरलेला एक माणूस येत होता. दात वाजत होते त्याचे, दोन हात लांबनंसुद्धा ऐकू यावेत असे. गळ्यात माळ. मी आधी ओळखलंच नाही, अर्धे झाले होते रामाप्पा.

ते अण्णांसमोर येऊन उभे राहिले. अण्णांनी वर बघितलं. मग रामाप्पांनी पातेल्यात वाकून बघितलं आणि विचारलं,

"तेच का हो हे, व्याही?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "तेच."

रामाप्पांनी घोंगडीतनं थरथरणारी ओंजळ पुढं केली. अण्णांनी डाव्या हातानं ती ओंजळ खालनं धरली, सांडू नये म्हणून, आणि उजव्या हातानं पळी भरली.